मानकरी कोण? : चित्रपटसंगीताच्या पारितोषिकांविषयी

२०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस दोन दिवस मी सेमाडोहला अडकून पडलो होतो. मेळघाटातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगायला नको. सिपना नदी तांबूस पाण्याने भरून वाहत होती, परतवाड्याच्या घाटात झाड कोसळल्याने वाहने थांबली होती आणि वीज पहिल्याच सरीबरोबर गेली होती. माझा मुक्काम एका शिक्षकांच्या घरी होता. हे गृहस्थ मूळचे अमरावतीचे. पेटीवर त्यांचा हात चांगला, आणि जुन्या चित्रपटगीतांविषयीची त्यांची स्मरणशक्ती त्याहूनही चांगली. सायंकाळी चहाच्या निमित्ताने त्यांच्या ओसरीवर आणखी तिघे जमले. एक वनरक्षक, एक किराणा दुकानदार आणि परतवाड्याच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन गावी परतलेला एक कोरकू तरुण. बोलता बोलता विषय निघाला तो २२ जुलैला जाहीर झालेल्या अडुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा.

त्या वर्षी पार्श्वगायनाच्या यादीत दोन नावे अशी होती की, ती शेजारी शेजारी वाचताना कोणीही क्षणभर थबकावे. पुरुष गायकांत राहुल देशपांडे यांचे नाव होते, 'मी वसंतराव' या मराठी चित्रपटासाठी. ज्यांच्या जीवनावर तो चित्रपट बेतला, ते त्यांचे आजोबा पं. वसंतराव देशपांडे १९२० साली आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरला जन्मले. स्त्री गायिकांत नाव होते नंजियम्मा यांचे. केरळातील पालक्काड जिल्ह्यात अट्टप्पाडीच्या डोंगरात राहणारी ही इरुळा जमातीची स्त्री. 'अय्यप्पनुम कोशियुम' या २०२० सालच्या मल्याळम चित्रपटासाठी तिने आपल्या बोलीतले गीत गायिले, आणि त्या गीताची रचनाही तिचीच. एकीकडे घराण्याची तालीम, दुसरीकडे गुरे राखताना गळ्यात उतरलेला सूर. सन्मान मात्र एकच.

आमच्या शिक्षकमित्रांना पहिल्या नावाचा अभिमान वाटला आणि दुसऱ्याचा राग आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : "ज्यांनी पहाटे उठून वर्षानुवर्षे रियाज केला, गाणे हीच तपश्चर्या मानली, त्यांनी कुणाकडे पाहावे? या बाईंना एखादी पट्टी देऊन अमुक गीत गा म्हटले तर गाता येईल का?" नेमका हाच आक्षेप त्या दिवसांत केरळातही घेतला गेला होता, आणि तेथील अनेक नामवंत संगीतकार व गायक नंजियम्मांच्या बाजूने उभे राहिले होते. आमच्या ओसरीवर मात्र त्या बाजूने एकच जण बोलला. इतका वेळ गप्प बसलेला तो कोरकू तरुण म्हणाला, "सर, तुमी तिले तुमच्या पट्टीत काहून गायला लावता? तुमी तिच्या गाण्यात गाऊन दाखवा ना."

ओसरीवर शांतता पसरली. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी माझे मन शिक्षकांच्या बाजूचे होते. सेमिनरीत आम्हांला पाच रेघांवरच्या स्वरलिपीची शिस्त लागली. एखादा स्वर किंचित खाली उतरला तरी गायकवृंदाचे संचालक हात थांबवीत. असा घडलेला कान सहजासहजी बदलत नाही. परंतु त्या तरुणाच्या एका वाक्याने मला अस्वस्थ केले, आणि चित्रपटसंगीताच्या पारितोषिकांचा सारा इतिहास मी नव्याने मनाशी चाळू लागलो. प्रस्तुत लेख हे त्या चाळण्याचे फलित आहे.

मतदार रसिक

गाण्याच्या पारितोषिकावरून रसिकांनी भांडावे हे काहींना पोरकट वाटते. वस्तुतः हे भांडण पारितोषिकांच्या जन्मापासूनच त्यांच्याबरोबर आहे. 'फिल्मफेअर' पारितोषिके १९५४ साली सुरू झाली, ती वाचकांच्या मतांवर. प्रारंभी त्यांना 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चित्रपटसमीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ 'क्लेअर्स' असे म्हणत. पहिल्या वर्षी केवळ पाच पारितोषिके होती. त्यांत संगीत दिग्दर्शकाला स्थान होते आणि ते 'बैजू बावरा'साठी नौशाद यांना मिळाले. गायकाला आणि गीतकाराला मात्र जागा नव्हती. म्हणजे गाण्याचे तीन जनक असताना एकाच्याच नावाची नोंद झाली.

ही उणीव कोणी परीक्षकाने दाखवली नाही. ती एका गायिकेने दाखवली. 'चोरी चोरी' या चित्रपटाच्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना १९५७ साली पारितोषिक मिळाले, तेव्हा समारंभात त्यातले गीत लता मंगेशकर यांनी गावे अशी जयकिशन यांची इच्छा होती. लताबाईंनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गायकाला नाही, तेव्हा गायकाने तेथे का गावे, हा त्यांचा प्रश्न होता. १९५९ पासून पार्श्वगायनासाठी आणि गीतलेखनासाठी स्वतंत्र पारितोषिके सुरू झाली. गायनाचे पहिले 'मधुमती'साठी लताबाईंनाच मिळाले, गीतलेखनाचे पहिले 'यहुदी'साठी शैलेंद्र यांना. स्त्री आणि पुरुष गायकांची विभागणी व्हायला १९६८ साल उजाडले.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. पारितोषिकांचे वर्ग हे निसर्गनियम नव्हेत. ती माणसांनी केलेली खणांची मांडणी आहे, आणि ज्याच्यासाठी खणच नाही त्याचे गुण कितीही असोत, ते कोणाला दिसत नाहीत. राष्ट्रीय पुरस्कारांचीही तीच कथा. १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला पहिले सुवर्णपदक मिळाले. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे होते. परंतु संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. मधल्या काळात चित्रपटांचा गौरव होत राहिला, पण त्यांच्या संगीताचा वेगळा विचार करण्याची सोयच नव्हती.

गीत की पार्श्वसंगीत?

रसिकांच्या वादांत सर्वाधिक चर्चा झाली ती १९७३ सालच्या निकालाची. त्या वर्षी 'पाकीझा'चे गुलाम मोहम्मद आणि 'बेईमान'चे शंकर-जयकिशन एकाच यादीत होते. गुलाम मोहम्मद १९६८ सालीच निवर्तले होते. चित्रपट पडद्यावर आला १९७२ मध्ये, आणि त्याचे राहिलेले पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केले होते. पारितोषिक 'बेईमान'ला गेले. त्याच चित्रपटासाठी सहायक अभिनेता म्हणून निवडले गेलेले प्राण यांनी आपले पारितोषिक नाकारले, कारण संगीताचा सन्मान 'पाकीझा'चा होता असे त्यांचे मत होते. स्वतःच्या चित्रपटाविरुद्ध, आणि स्वतःच्या हाती येणाऱ्या बाहुलीचा त्याग करून दिलेली अशी साक्ष चित्रपटसृष्टीत विरळा. १९६१ साली 'मुघल-ए-आझम'ला डावलून 'दिल अपना और प्रीत पराई'ला संगीताचे पारितोषिक मिळाले होते, तेव्हाही असाच वाद झाला होता. योगायोग असा की, दोन्ही वेळा विजेते तेच होते.

परंतु हा वाद केवळ 'कोणाची गाणी अधिक गोड' एवढाच आहे का? मला तसे वाटत नाही. 'पाकीझा'मध्ये आगगाडीची शिटी पुनःपुन्हा येते. मैफलीतल्या गाण्याच्या शेवटी दुरून ती ऐकू येते आणि नायिकेच्या चेहऱ्यावरचा भाव पालटतो. ही शिटी गाणे नव्हे, वाद्यवृंदही नव्हे. तरीही तिला काढून टाकले तर त्या चित्रपटाच्या संगीताचा प्राणच जाईल. गाणे चित्रपटगृहाबाहेर घेऊन जाता येते. ते रेडिओवर वाजते, लग्नात वाजते, मत देताना ओठांवर असते. पार्श्वसंगीत मात्र पडद्याशी बांधलेले असते. तो प्रसंगाचा श्वास आहे, आणि श्वास चालू असेतो आपण त्याकडे लक्ष देत नाही. साहजिकच ज्या पारितोषिकात गीते आणि पार्श्वसंगीत एकाच तराजूत टाकली जातात, तेथे गीताचे पारडे जड होते.

याच्या उलटही घडू शकते. १९७७ सालचे राष्ट्रीय पुरस्कार पाहावेत. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकरांची कथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर लोकांची ती कथा गाण्यांनीच पुढे सरकते. असे असूनही संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार गेला तो ब. व. कारंत यांना, 'घटश्राद्ध' या कन्नड चित्रपटासाठी. 'घटश्राद्ध'मध्ये गुणगुणत घरी न्यावे असे काही नाही. एका बालविधवेच्या विटंबनेभोवती पसरलेली ती निःशब्दता आहे, आणि तिला थोडक्याच ध्वनींनी दिलेली धार आहे. आमचे शिक्षकमित्र या निकालावर आजही चिडतात. त्यांच्या मते तो महाराष्ट्रावरचा अन्याय. मला तो अन्याय वाटत नाही. तो दोन भिन्न जातींच्या फळांची तुलना करण्याचा हट्ट वाटतो. आंबा आणि आवळा यांत श्रेष्ठ कोण, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळेलही, पण त्या उत्तराचा उपयोग काय?

या हट्टाची जाणीव पारितोषिके देणाऱ्यांना सावकाश होत गेली. 'फिल्मफेअर'ने १९९८ पासून पार्श्वसंगीताचे पारितोषिक स्वतंत्र केले आणि ते प्रथम 'गुप्त'साठी विजू शाह यांना दिले. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ सालच्या चित्रपटांसाठी हा भेद स्पष्ट झाला : गीतांसाठी 'देव डी'चे अमित त्रिवेदी, पार्श्वसंगीतासाठी 'पळशी राजा'चे इळैयराजा. एका खणाचे दोन खण झाले, आणि निदान एवढ्यापुरते तरी भांडण मिटले.

ज्यांच्या नावाचा खण नाही

परंतु अजून एक मोठा वर्ग उरतोच, आणि त्याविषयी लिहिताना या त्रैमासिकाच्या वाचकांना आपल्या घरातलीच गोष्ट ऐकल्यासारखे वाटेल. शंकर-जयकिशन यांना 'फिल्मफेअर'ची नऊ पारितोषिके मिळाली. त्यांच्या गाण्यांतील व्हायोलिनच्या लाटा, एकमेकींत गुंफलेल्या स्वरपंक्ती आणि दोन कडव्यांमधले ते भरजरी तुकडे ज्यांनी कागदावर उतरवले, ते गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा होते. संगीतकार चाल बांधी. ती शंभर वादकांच्या तोंडी कशी घालायची हे संयोजक ठरवी. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत 'मेस्त' मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तेथून निघालेली मुले मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत येऊन बसली, म्हणून हिंदी चित्रपटाला वाद्यवृंद लाभला. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ : ही नावे त्या काळच्या किती रसिकांना ठाऊक होती? संयोजनासाठी त्या पारितोषिकांत खणच नव्हता.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर अधिक बोलकी आहे. त्यांनी व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना घडवले, आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेली वाद्यवृंदरचना सादर केली. त्यांच्या शिष्यांत एक होते प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात गुंफले. त्या संगीताला पुढच्या वर्षी 'फिल्मफेअर' मिळाले. सारा देश ते नाव गाऊ लागला, पण ते नाव खऱ्या माणसाचे आहे, तो माणूस जिवंत आहे आणि त्यानेच या संगीतकाराच्या हातात गज दिला आहे, हे फार थोड्यांना माहीत होते. २०१२ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. गुरूचे नाव पारितोषिकाच्या गाण्यात आले. पारितोषिकाच्या यादीत मात्र ते कधी येऊ शकले नाही.

नाव न लावण्याचा उलट नमुनाही मराठीत आहे. भालजी पेंढारकरांच्या १९६५ सालच्या 'साधी माणसं' या चित्रपटाला राज्य पुरस्कारांत आठ पारितोषिके मिळाली. उत्कृष्ट संगीतासाठी 'आनंदघन' हे नाव पुकारले गेले, तेव्हा सभागृहातून कोणीच उठेना. शेवटी आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, आणि त्या समोरच बसल्या आहेत, असे जाहीर करावे लागले. ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र नाव झाकण्याचा अधिकार ज्याला नाव आहे त्यालाच असतो, हेही विसरू नये. सेबॅस्टियन डिसोझांनी आपले नाव झाकले नव्हते. ते कोणी विचारलेच नव्हते.

मूळ कोणाचे?

पारितोषिकांचा आणखी एक अवघड प्रश्न म्हणजे स्वतंत्र निर्मितीचा. अमेरिकेच्या ऑस्कर पारितोषिकांत संगीत 'त्या चित्रपटासाठीच निर्माण केलेले' असावे असा दंडक आहे. निनो रोटा यांचे 'द गॉडफादर'चे संगीत १९७३ साली नामांकनानंतर यादीतून काढण्यात आले, कारण त्यातली एक धून त्यांनी स्वतःच १९५८ च्या एका इटालियन चित्रपटात वापरली होती. दोन वर्षांनी 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाला मात्र, तीच जुनी धून त्यात असूनही, संगीताचे ऑस्कर मिळाले! नियम किती लवचीक असतात याचा हा मासला.

१९८७ च्या मार्चमध्ये याहून तीव्र वाद झाला. 'द मिशन' या चित्रपटाला एन्नियो मोरिकोने यांचे संगीत होते, आणि ऑस्कर गेले 'राउंड मिडनाइट'च्या हर्बी हँकॉक यांच्याकडे. या दुसऱ्या चित्रपटात पूर्वीच प्रसिद्ध असलेल्या जॅझ रचना मोठ्या प्रमाणात होत्या, म्हणून रसिक खवळले. मोरिकोने यांनाही ती सल आयुष्यभर राहिली. त्यांना २००७ साली सन्माननीय ऑस्कर आणि २०१६ साली 'द हेटफुल एट'साठी स्पर्धेतले ऑस्कर मिळाले, परंतु रसिकांच्या लेखी 'द मिशन'ची भरपाई झाली नाही.

हा चित्रपट आम्हांला सेमिनरीत दाखवण्यात आला होता. दक्षिण अमेरिकेतील ग्वारानी आदिवासींमध्ये अठराव्या शतकात काम करणाऱ्या येशूसंघीयांची ती कथा. धबधब्याच्या वर, अरण्यात एकटा बसलेला धर्मगुरू ओबो हे वाद्य वाजवतो आणि झाडांआडून आदिवासी पुढे येतात, हा प्रसंग त्या काळी आमच्या वर्गातील प्रत्येकाच्या काळजाला भिडला. मोरिकोने यांनी पुढे ती ओबोची धून, लॅटिन ढंगाचे समूहगान आणि आदिवासी तालाचा ठेका हे तीन प्रवाह एकमेकांवर रचले. तीनही आपापल्या जागी ठाम, तरी एकजीव. माझ्या मते चित्रपटाच्या पार्श्वसंगीताने कथेचा सारा अर्थ स्वतःच्या अंगाखांद्यावर पेलल्याचे याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल. त्या वर्षीच्या निकालाविषयी रसिकांचा रोष मला तेव्हाही रास्त वाटला, आजही वाटतो.

परंतु सेमाडोहच्या त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला वेगळाच प्रश्न पडला. त्या प्रसंगात वाजवणारा धर्मगुरू आहे आणि ऐकणारा आदिवासी. इतकी वर्षे मी स्वतःला वाजवणाऱ्याच्या जागी कल्पिले होते. अरण्यात आधीपासून गाणे होते का, आणि त्या धर्मगुरूने ते ऐकले का, हे मी कधी विचारलेच नव्हते. ज्या कानांनी शिक्षकमित्रांना 'पट्टी'चा मुद्दा सुचवला, तेच हे कान होते.

कोणाचा कंठ?

आता मूळ वादाकडे वळू. नंजियम्मांवरील आक्षेपात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. रियाजाला किंमत आहे. वसंतरावांच्या गायकीमागे नागपूरची शंकरराव सप्रे यांची तालीम आणि लाहोरला असद अली खाँ यांच्याकडचे शिक्षण होते; नोकरी सांभाळून, उपेक्षा सोसून त्यांनी गाणे जपले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात त्यांनी खाँसाहेबांची भूमिका केली. ते नाटक तरी कशाभोवती फिरते? राजगायकाच्या मानाच्या कट्यारीभोवती, दोन घराण्यांच्या चुरशीभोवती. मान कोणाला, हा प्रश्न माणसाला कसा जाळतो याचे ते नाट्य आहे. तेव्हा साधकाच्या मनातली सल हास्यास्पद ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही आक्षेप चुकीच्या दारावर थाप मारतो. पार्श्वगायनाचे पारितोषिक हे आयुष्यभराच्या विद्वत्तेसाठी नसते. ते एका चित्रपटातील गायनासाठी असते. विचारायचे एवढेच, की या चित्रपटाला या गळ्याने काय दिले? 'अय्यप्पनुम कोशियुम' ही दोन पुरुषांच्या अहंकाराची लढाई आहे, आणि ती अट्टप्पाडीच्या डोंगरात घडते. चित्रपटाच्या आरंभी नंजियम्मांचा आवाज येतो आणि ही भूमी आधी कोणाची, हे पहिल्याच मिनिटात कळते. तो आवाज काढून तेथे एखादा सुसंस्कारित कंठ ठेवून पाहावा. सूर अधिक नेमका लागेल. भूमी मात्र नाहीशी होईल. या कसोटीवर परीक्षकांचा निर्णय मला योग्य वाटतो, आणि तो दयेपोटी घेतलेला आहे असे मानणे म्हणजे त्या स्त्रीच्या कलेचा दुसऱ्यांदा अवमान करणे होय.

आपल्याकडची उदाहरणे येथे तुलनेला घ्यावीत. 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांची गाणी आशा भोसले, रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्या गळ्यातून आली. 'जोगवा'ने २००८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीताची तीन पारितोषिके मिळवली : अजय-अतुल यांना संगीताचे, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना गायनाचे. मराठीला याचा अभिमान आहेच. त्या संगीतात चौंडक्याचा नाद आहे, जोगत्यांच्या जगण्याची वेदना आहे. २०१० च्या 'मी सिंधुताई सपकाळ'मधील गायनासाठी सुरेश वाडकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या सिंधुताईंवर तो चित्रपट होता, त्यांनी चिखलदऱ्याला याच मेळघाटातील विस्थापित आदिवासींसाठी लढा दिला होता. ही सारी गाणी श्रेष्ठ आहेत. परंतु ठाकरांचे गाणे ठाकराने गायिले नाही, जोगत्याचे गाणे जोगत्याने गायिले नाही. आपण त्यांच्या आयुष्यातून कथा घेतली, ताल घेतला, वाद्य घेतले. कंठ मात्र आपल्या ओळखीचाच निवडला. अट्टप्पाडीच्या चित्रपटाने कंठही तिथलाच घेतला, आणि म्हणूनच बहुधा आपल्याला तो खटकला.

३० सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात नंजियम्मांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पुरस्कार स्वीकारला. देणारी आदिवासी, घेणारीही आदिवासी. राष्ट्रपतींची संथाळी आणि आमच्या मेळघाटातली कोरकू या दोन्ही मुंडा कुळातील भाषा आहेत, हे त्या तरुणाला मी नंतर सांगितले. त्याला ते आधीच ठाऊक होते.

एका सन्मानाने सारे संपले असे मात्र नव्हे. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर निघताना त्या तरुणाने मला प्रश्न विचारला : "फादर, होळीत आमच्याकडं जे गाणं होते, ते उद्या एखाद्या पिक्चरवाल्यानं घेतलं, तर नाव कोणाचं लिहील?" याचे उत्तर मला येत होते, आणि ते द्यायला जड जात होते. श्रेयनामावलीत अशा वेळी 'पारंपरिक' असा एक शब्द लिहितात. तो आदराचा शब्द दिसतो, परंतु व्यवहारात त्याचा अर्थ 'कोणाचेही नाही' असा होतो. प्रताधिकाराच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि गीतकार व संगीतकार यांना आपल्या कृतीच्या मानधनातील वाटा सोडून देता येणार नाही असे ठरले. उत्तम झाले. पण तो वाटा मिळण्यासाठी आधी एक नाव लागते. ज्या गाण्याचा कर्ता म्हणजे पिढ्यान् पिढ्या नाचत आलेला एक गाव, त्याचे नाव कोणत्या खणात लिहायचे? सेबॅस्टियन डिसोझांच्या वाट्याला जे आले, तेच येथे एका अख्ख्या समाजाच्या वाट्याला येते.

म्हणून रसिकांच्या वादाला मी आता पोरकट म्हणत नाही. १९५७ च्या एका नकारामुळे गायकाला आणि गीतकाराला खण मिळाला. पार्श्वसंगीत वेगळे ऐकू येणाऱ्यांच्या आग्रहामुळे त्याला खण मिळाला. २०२२ च्या वादामुळे निदान काही घरांत 'कोणाची पट्टी?' हा प्रश्न विचारला गेला. निकाल बरोबर की चूक, यापेक्षा त्या निकालाने आपल्या ऐकण्यात काय राहून गेले हे दाखवले का, ते पाहावे. चित्रपट पाहून उठताना श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी. जेथे 'पारंपरिक' असे दिसेल तेथे क्षणभर थांबून विचारावे, की ही परंपरा कोणत्या गावात राहते?

पुढच्या होळीला आमचे शिक्षकमित्र प्रथमच कोरकू वस्तीवर पेटी घेऊन गेले. ढोलक आणि बासरी आधीच सुरू झाली होती. त्यांनी दोन-तीन वेळा सूर शोधून पाहिला, पट्टी बदलून पाहिली, मग पेटीचा भाता बंद केला आणि रात्रभर नुसते ऐकत बसले. हे त्यांनीच मला फोनवर सांगितले. "गाता नाही आलं हो फादर," ते म्हणाले, "पण पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे."